वर उरलेली जागा

मित्रांनो, नावेत चढताना ताई ज्या लाकडी झाकणावर कोणाला पाय ठेवू देत नाही, त्या झाकणाखाली मी राहतो. मी एक जुनं इंजिन आहे. एकाच सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, रंगाने काळपट आणि आवाजाने खोकल्यासारखं. माझी बनावट अगदी सोपी आहे. माझी तक्रारही तीच आहे. मी इतका सोपा असूनही, ज्यांनी मला वर्षानुवर्षं हाताळलं त्यांनाच मी ऐन वेळेला कळलो नाही.

तुम्हाला तरी कळावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

एका ओतशाळेत वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं गेलं आणि माझा जन्म झाला. तेव्हा मी नुसता खडबडीत ठोकळा होतो. मग मला एका यंत्रावर आवळून माझ्या पोटातून गोल, सरळ भोक पाडलं. ते भोक म्हणजेच माझं सिलिंडर. त्याची रुंदी बहात्तर मिलीमीटर ठेवली. एक तपासणारी बाई होती. तिने भोकात मोजपट्टीसारखं काहीतरी आडवं घातलं, मग तिरकं घातलं, मग खाली सरकवून पुन्हा आडवं घातलं आणि समाधान झाल्यावर माझ्या पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. इतक्या मनापासून मला पुन्हा फार थोड्यांनी मोजलं.

त्या भोकात एक पिस्टन बसवला. डब्यात घट्ट बसणारं झाकण दाबलं की खाली जावं, ओढलं की वर यावं, तसा तो खालीवर होतो. तळापासून वरच्या टोकापर्यंत तो चौऱ्याऐंशी मिलीमीटर चालतो. त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही, कारण खालचा दांडा त्याला तेवढंच सरकू देतो.

आता जरा गणित करू. घाबरू नका, वृत्तचितीचं घनफळ तुम्ही शाळेत काढलेलं आहे. रुंदी बहात्तर मिलीमीटर, म्हणजे सात पूर्णांक दोन सेंटीमीटर. ती निम्मी करा: तीन पूर्णांक सहा. ही त्रिज्या. इथेच बरेच जण घाईत निम्मं करायचं विसरतात आणि मला चौपट मोठा करून टाकतात. त्रिज्येला त्रिज्येने गुणलं की बारा पूर्णांक शहाण्णव. त्याला तीन पूर्णांक चौदाने गुणा, साधारण चाळीस पूर्णांक सात येतील. हे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ झालं. आता पिस्टन जेवढा चालतो, ते आठ पूर्णांक चार सेंटीमीटर. गुणाकार केलात की तीनशे बेचाळीसच्या आसपास घन सेंटीमीटर. लोक ज्याला ‘सीसी’ म्हणतात ते हेच. माझ्या अंगावर पितळी पट्टी ठोकली होती, तिच्यावर तीनशे बेचाळीस कोरलेलं होतं.

पण हा आकडा कशाचा, हे नीट लक्षात घ्या. पिस्टन तळातून वर येताना जेवढी हवा स्वतः रेटतो, तेवढ्याचाच हा आकडा आहे. पिस्टन अगदी वर आला तरी तो माझ्या डोक्याला चिकटत नाही. वर थोडी पोकळी उरते. रेटलेली सगळी हवा तिथे दाटीवाटीने कोंबली जाते, तिथेच ठिणगी पडते आणि तिथूनच माझी ताकद सुरू होते. इंजेक्शनची सिरिंज पूर्ण दाबली तरी टोकाशी थेंबभर औषध राहतं, तशी ती जागा. ती लागतेच. पण पिस्टन तिथे कधी जात नाही, म्हणून ती माझ्या सीसीत धरत नाहीत.

एवढंच आहे. आणि एवढ्यावरूनच माझं वाटोळं झालं.

सुरुवातीची वर्षं मी एका वीटभट्टीवर पाणी ओढण्यात घालवली. धूळ, धूर आणि दिवसभर एकाच जागी धडधड. मग भट्टी बंद पडली आणि मी एका पत्र्याच्या शेडमध्ये पोत्याखाली पडून राहिलो. तिथून मला ताईने उचललं. ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून मोठ्या तलावावर नाव चालवायचे. इकडच्या काठावर वस्ती, पलीकडच्या काठावर शाळा, दवाखाना आणि बाजार. रस्त्याने जायचं तर सगळा तलाव वळसा घालून जावं लागे. तोवर ते दोघं वल्ही मारत होते.

ताईच्या भावाला सगळे डॉक्टर म्हणतात. तो माणसांना औषध देत नाही. इंजिन बिघडलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला टेकवतो आणि डोळे मिटून ऐकतो. मग ‘व्हॉल्व्ह बोलतोय’ किंवा ‘बेअरिंग रडतंय’ असं सांगतो, आणि बहुधा ते खरं निघतं. त्याने मला पोत्याखालून काढून धुतलं, पुसलं, माझ्या पिस्टनभोवतीच्या रिंगा बदलल्या आणि नावेत बसवलं. पहिल्याच दिवशी मी भरलेली नाव वाऱ्याच्या तोंडावर पलीकडे नेली. ताई धक्क्यावर उतरली आणि माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाली, “भाऊ बरा मिळाला रे तुला, डॉक्टर. निदान हा तरी सांगितलेलं ऐकतो.”

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी.

धातू झिजतो, मित्रांनो. पिस्टन लाखो वेळा खालीवर झाला की सिलिंडरची भिंत घासते, भोक गोल राहत नाही. मग ते पाव मिलीमीटरने रुंद करून घासूनपुसून गोल करतात आणि तेवढा मोठा पिस्टन घालतात. माझं तीन वेळा तसं झालं. म्हणजे भोक बहात्तरवरून पाऊण मिलीमीटर वाढलं. तुम्ही वरचंच गणित नव्या रुंदीने करून बघा. तीनशे एकोणपन्नास येईल. म्हातारपणी माणसं आकसतात, मी मात्र सात सीसीने वाढलो होतो. पितळी पट्टी तोवर कधीच गळून तलावात गेली होती. असती तरी तिने जुनाच आकडा सांगितला असता.

तलावाचं पाणी पिण्यासाठी वापरतात. एके दिवशी पाणीखात्याचा माणूस धक्क्यावर कागद चिकटवून गेला. साडेतीनशे सीसीहून मोठ्या इंजिनाच्या नावा यापुढे तलावात चालणार नाहीत. पट्टीवरचा आकडा धरला जाणार नाही, कारण लोक पट्ट्या बदलतात. महिन्याभरात तपासणी होईल. जी नाव या नियमात बसणार नाही, तिचा परवाना त्याच दिवशी रद्द.

ताईने तो कागद दोनदा वाचला. “आपलं किती आहे रे?”

“असेल साडेतीनशेच्या आसपास,” डॉक्टर म्हणाला.

“आसपास म्हणजे इकडे का तिकडे?”

“बघतो म्हटलं ना.”

“बघतो नको, मोज. परवाना गेला तर मी काय करू? लेकीच्या घरी जाऊन बसू? जावई चांगला आहे, पण त्याच्या घरात मी नावाडी नसणार. नुसती सासूबाई असणार.”

मला तर हसूच आलं. मी तीनशे एकोणपन्नास होतो. मर्यादेच्या आत. अगदी काठावर, पण आत. कोणी येऊन मोजावं आणि मोकळं व्हावं, एवढंच बाकी होतं.

मोजायची सरळ वाट म्हणजे डोकं उघडायचं, भोकाची रुंदी घ्यायची, पिस्टनची चाल घ्यायची. पण माझ्या डोक्याचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते आणि मागच्या वेळी एक बोल्ट मोडून आतच राहिला होता. डॉक्टरला ते पुन्हा नको होतं. त्याने दुसरी युक्ती काढली. औषधाच्या दुकानातून शंभर मिलीलिटरचं काचेचं मोजपात्र मागून आणलं. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढला. हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहावेत म्हणून वरचे स्क्रू ढिले केले. हाताने चाक फिरवून पिस्टन तळाला नेला आणि प्लगच्या भोकातून जाडसर तेल ओतायला सुरुवात केली.

युक्ती वाईट नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. एक मिलीलिटर म्हणजे एक घन सेंटीमीटर. जिथे पट्टी पोचत नाही तिथे तेल पोचतं. हात स्थिर होता. हवा अडकू नये म्हणून तो मधेमधे थांबत होता. पहिलं पात्र रिकामं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं जवळजवळ सगळं आत गेलं आणि मग तेल प्लगच्या भोकातल्या आट्यांपर्यंत चढलं. पात्रात एक मिलीलिटर उरलं.

“तीनशे नव्व्याण्णव,” डॉक्टर म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

अरे, नाही! मी आतून ओरडलो. ओरडलो म्हणजे काय, माझ्यात पेट्रोल नाही, ठिणगी नाही, आणि पोटभर तेल. मी काय डोंबल ओरडणार! त्या तेलात वरच्या पोकळीतलं तेलसुद्धा होतं, जिथे पिस्टन कधी जातच नाही. आता फक्त पिस्टन वर न्यायचा आणि पुन्हा ओतायचं. पन्नास मावलं असतं. तीनशे नव्व्याण्णवातून पन्नास गेले की तीनशे एकोणपन्नास. पाच मिनिटांचं काम होतं. मोजपात्र त्याच्या हातातच होतं.

आणि मित्रांनो, ताईच्या डोक्यात ते आलं होतं! ती बाजूला दोरीचं भेंडोळं करत उभी होती. म्हणाली, “डॉक्टर, सायकलचा पंप पूर्ण दाबला तरी खाली थोडी हवा राहतेच ना? ती पण धरायची असते का?”

बरोब्बर ताई, बरोब्बर!

“ताई, सायकलचा पंप वेगळा, इंजिन वेगळं,” डॉक्टर म्हणाला.

“वेगळं कसं? दोन्हींत दट्ट्याच की.”

“तू सुकाणू धर, मी इंजिन धरतो. मी तुला कधी सांगतो का नाव कुठून वळव म्हणून?”

“रोज सांगतोस.”

“ते वेगळं.”

“तुझं सगळंच वेगळं,” ताई म्हणाली आणि दोरी उचलून निघून गेली. तिने आणखी एकदा विचारायला हवं होतं. पण धाकट्या भावाचा इंजिनातला शब्द तिने इतकी वर्षं मानला होता, आणि तो बहुधा खराही ठरला होता. तिच्या गप्प बसण्याचा मला डॉक्टरच्या चुकीपेक्षा जास्त राग आला.

राग येण्यासारखं पुढे आणखी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची मुलं नावेत बसली. त्यांची परीक्षा होती. माझ्या झाकणाला टेकून दोघी जणी मोठमोठ्याने पाठ करत होत्या, “वृत्तचितीचं घनफळ, पाय आर वर्ग एच! पाय आर वर्ग एच!” आणि वीतभर अंतरावर डॉक्टर हनुवटी हातात घेऊन विचार करत होता, की आता या इंजिनाचं करायचं काय. उत्तर त्याच्या कानावर आदळत होतं. मुलींना ठाऊक नव्हतं की त्यांच्या पाठीमागे एक खरीखुरी वृत्तचिती बसलेली आहे, आणि डॉक्टरला वाटत होतं की ती शाळेची कटकट आहे. “हळू म्हणा गं, डोकं उठलंय,” तो म्हणाला. मुली मनातल्या मनात म्हणू लागल्या. माझं सूत्रही असं गप्प झालं.

त्याने ठरवलं ते असं. माझं भोक आधी मोठं करायचं, त्यात जाड लोखंडी नळी दाबून बसवायची आणि त्या नळीत लहान पिस्टन घालायचा. माझं पोट भरून टाकायचं, म्हणा ना.

दांडा आणि चाक नावेतच ठेवून माझं वरचं सिलिंडर तेवढं बोअरिंगवाल्या मामांकडे नेलं; इंजिनांची भोकं कापून रुंद करणं हे त्यांचं काम. गंजलेले बोल्ट आता नाइलाजाने काढलेच, आणि त्यातला एक अपेक्षेप्रमाणे मोडलाच. मामांनी माझ्या भोकाची रुंदी घेतली. “पावणेत्र्याहत्तर. अजून चांगलं आहे की हे. कापायचं कशाला?”

“मोठं पडतंय, मामा. खात्याचा नियम आलाय. साडेतीनशेच्या आत आणायचंय.”

“स्ट्रोक किती आहे? पिस्टनची चाल?”

“त्याचा दांडा नावेत राहिला. मी तेल ओतून बघितलंय ना, चारशेला एक कमी.”

“बघितलं असशील तर प्रश्नच मिटला. सदुसष्टचा पिस्टन तयार मिळतो. चालेल?”

“चालवा.”

बघा कसं झालं! मामांकडे माझी रुंदी होती, चाल नव्हती. डॉक्टरकडे तेलाचा आकडा होता, पण वरच्या पोकळीचा नव्हता. दोघेही हुशार, दोघांच्या हातात माझा अर्धा अर्धा तुकडा. कोणी ते तुकडे एकमेकांना लावून पाहिले नाहीत. यंत्र सुरू झालं आणि माझी चांगली, गोल, गुळगुळीत भिंत लोखंडाच्या कुरळ्या तारा होऊन जमिनीवर पडली.

परत आल्यावर डॉक्टरने मला जोडलं आणि पुन्हा तसंच तेल ओतलं. पिस्टन तळाला, तेल आट्यांपर्यंत. तीनशे सेहेचाळीस.

“ताई!” तो धक्क्यावरून ओरडला. “बसलं! चार सीसी हातात ठेवून बसलं!”

त्याचा आनंद पाहून मला रडावं का हसावं कळेना. त्या तीनशे सेहेचाळीसमधले पन्नास माझे नव्हतेच. मी खरा उरलो होतो दोनशे शहाण्णव. शिवाय डोकं जुनंच राहिलं होतं, वरची पोकळी तेवढीच होती, आणि तिच्यात कोंबायला हवा मात्र कमी. आधी मी हवा आठपट दाबत असे. आता सातपटही नाही. ठिणगी पडली की पूर्वी धडाका व्हायचा, आता नुसता ढुसका व्हायचा.

ताईला ते पहिल्याच फेरीत कळलं. “दमतोय रे हा.”

“नवीन पिस्टन आहे, रुळू दे जरा.”

“रुळणं वेगळं आणि दमणं वेगळं. मला सुकाणूत कळतं.”

“चार दिवस थांब, मग बघ.”

ताई थांबली. चौथ्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला. शाळा सुटली होती, नाव मुलांनी भरलेली होती. पूर्वी अशा वाऱ्यात मी धापा टाकायचो, पण पुढे सरकायचो. त्या दिवशी तलावाच्या मध्यावर मी जीव तोडून फिरत होतो आणि नाव जागच्या जागी होती. मग ती मागे सरकू लागली. उजव्या हाताला बांधाचे मोठमोठे दगड आहेत, आणि लाटा आम्हाला तिकडेच ढकलत होत्या. ताई एकही शब्द मोठ्याने बोलली नाही. तिने मोठ्या मुलांना वल्ही काढायला लावलं, लहानांना नावेच्या तळाशी बसवलं आणि वाऱ्याशी झुंजण्याऐवजी नाव तिरकी धरून दगडांच्या पुढे काढली. एक दगड आम्हाला घासून गेला. ती खरखर माझ्या बुडापर्यंत पोचली.

काठाला लागल्यावर तिने एकेका मुलाचा हात धरून उतरवलं. सगळी गेल्यावर ती झाकणापाशी येऊन बसली. 

“डॉक्टर, उद्यापासून अर्धीच मुलं घेणार. उरलेली दुसऱ्या फेरीला.”

“परवाना तरी राहतोय ना, ताई.”

“परवाना घेऊन मी काय नावेला वारा घालू?”

त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. तो पाना मागे, ती पाना देई. पलीकडच्या धक्क्यावर मुलं दोन गटांत उभी राहायला शिकली. दुसऱ्या गटाला घरी पोचायला दिवेलागण होऊ लागली. आणि मी? मला इच्छा होती, सवय होती, पण पोट नव्हतं. भरल्या नावेकडे पाहून आपल्याला ती झेपत नाही हे कळणं किती चीड आणणारं असतं, ते काय सांगू!

मग तपासणीचा दिवस आला. खात्याकडून एक मॅडम आल्या. त्यांच्याकडे पेटीत मोजायची चांगली साधनं होती. त्यांनी डॉक्टरला डोकं उघडायला सांगितलं. बोल्ट आता नवे होते, सहज निघाले. मॅडमनी भोकाची रुंदी आडवी घेतली, तिरकी घेतली, खाली घेतली. मला ओतशाळेतल्या त्या बाईची आठवण झाली आणि क्षणभर बरं वाटलं. मग चाक फिरवून त्यांनी पिस्टनची चाल मोजली.

“सदुसष्ट आणि चौऱ्याऐंशी. दोनशे शहाण्णव,” त्या म्हणाल्या. “तुमची नाव आरामात बसते.”

“दोनशे शहाण्णव?” डॉक्टर हसला. “नाही हो मॅडम. तीनशे सेहेचाळीस आहे. मी स्वतः तेल ओतून बघितलंय.”

“ओतलंत तेव्हा पिस्टन कुठे होता?”

“तळाला. एकदम खाली.”

“आणि पिस्टन वर असताना किती मावलं?”

“वर असताना कशाला मोजायचं?”

मॅडमनी काढून ठेवलेलं माझं डोकं उलटं केलं आणि आतल्या खोलगट वाटीत बोट ठेवलं. “ही जागा. पिस्टन वर आला तरी ही उरतेच. ती त्याने रेटलेली नाही, म्हणून ती धरायची नाही. वरचं माप खालच्या मापातून वजा करायचं.”

डॉक्टरने वाकून त्या वाटीत बघितलं. ताई दोरी टाकून पुढे आली.

मॅडम कागदावर सही करून पुढच्या नावेकडे गेल्या. डॉक्टरने माझं डोकं परत बसवलं, बोल्ट आवळले, पिस्टन अगदी वर आणला आणि मोजपात्रातून तेल ओतलं. अर्ध्या पात्रातच मी भरलो. पन्नास. 

“डोकं तर तेच आहे,” तो स्वतःशी म्हणाला. “म्हणजे आधीही पन्नासच. तीनशे नव्व्याण्णवातून पन्नास...”

“एकोणपन्नास,” ताई म्हणाली. “तीनशे एकोणपन्नास. म्हणजे आपण आत होतो?”

“आतच होतो.”

“मग कापलं कशाला रे त्याला?”

 मी इतके दिवस ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते अखेर कोणीतरी मोठ्याने म्हणालं होतं. मला वाटलं होतं, ते ऐकून माझी आग शांत होईल. नाही झाली. बरोबर उत्तर उशिरा आलं, की ते नुसतं उत्तर राहतं. त्याने कापलेलं लोखंड परत येत नाही.

नंतरचे काही दिवस तर आणखी वाईट गेले. डॉक्टर माझ्याजवळ फिरकेना. प्लग साफ करायचा तोही ताईच करू लागली. एका दुपारी तिने त्याला धक्क्यावर गाठलं.

“ती आतली नळी मोठी करता येईल का?”

“मी आता हात लावणार नाही. दुसरा कोणीतरी बघ.”

“दुसरा कुठून आणू? बाजारात मिळतो का? तुझ्यासारखा कान नाही कोणाला. फक्त नुसत्या कानावर भागत नाही, एवढंच.”

“ताई, तू विचारलं होतंस. पंपाचं.”

“विचारलं होतं. आणि गप्पही मीच बसले. आता रडगाणं पुरे. मुलं काठावर ताटकळतायत.”

दोघं मिळून बोअरिंगवाल्या मामांकडे गेली. मामांनी या वेळी स्वतःच रुंदी आणि चाल दोन्ही विचारली आणि भिंतीवर खडूने गुणाकार मांडला. नळीची भिंत जाड आहे, ती सत्तरपर्यंत उघडता येईल, त्याच्या पुढे गेलं तर पातळ पडून तडकेल, असं त्यांनी सांगितलं. सत्तर म्हणजे तीनशे तेवीस. डॉक्टरने तो गुणाकार पुन्हा एकदा केला, मग ताईला करायला लावला. तिघांचा आकडा एकच आला, तेव्हा कुठे पिस्टन मागवला.

तो अजून यायचा आहे. तोवर मी अर्धीच मुलं नेतो. तो आल्यावरही मी पूर्वीचा होणार नाही. तीनशे एकोणपन्नासातले माझे सव्वीस घन सेंटीमीटर गेले ते गेलेच. ते झिजून गेले असते, तर मी हूं की चूं केलं नसतं. झिजणं हे माझं कामच आहे. पण ते एका न केलेल्या वजाबाकीपायी गेले.

मित्रांनो, इंजिनाला तेल घाला, पाणी घाला, त्याला धुऊनपुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. तेही करा. पण मापाशिवाय नुसती माया आम्हाला पुरत नाही. डॉक्टरची माझ्यावर माया होतीच, आणि त्याच मायेने त्याने मला कापायला नेलं. तुम्ही पाठ केलेलं सूत्र वहीत झाकून ठेवू नका. ते कुठे लागू पडतं ते शोधा. आणि कोणी एखादा आकडा कितीही ठामपणे सांगितला, तरी तो नेमका कशाचा आहे, हे एकदा विचारा. उत्तर पटलं नाही, तर पुन्हा विचारा. समोरचा वैतागला, तरी विचारा.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. मला ते असतं, तर आज संध्याकाळी पलीकडच्या धक्क्यावर दप्तरं पाठीला लावून निम्मी मुलं माझी वाट बघत उभी नसती.